मॅकबेथच्या चेटकिणींसाठी धूर: भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांचं परीक्षण

धूर भाड्याने देणारा फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "किती धूर पाहिजे?" शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' बसवणाऱ्यांनी त्याला उलट विचारावं, "सोडलेला धूर जायला किती वेळ लागतो?" या नाटकात चेटकिणी येतात कशा, यापेक्षा जातात कशा याला जास्त मोल आहे. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात त्या मॅकबेथला तीन बिरुदांनी हाक मारतात, सोबतच्या बँकोला कोड्यात उत्तर देतात आणि नाहीशा होतात. १६२३च्या छापील संहितेत तिथे 'चेटकिणी अदृश्य होतात' एवढीच सूचना आहे. कशा, ते तुमचं तुम्ही बघा. मागे उरलेले दोन सेनापती रिकाम्या जागेकडे बघत राहतात. बँको म्हणतो, पाण्याला बुडबुडे येतात तसे जमिनीलाही येतात, त्यातलेच हे. मॅकबेथ म्हणतो, वाऱ्यात श्वास विरावा तशा विरल्या. ही दोन वाक्यं चालू असताना रंगमंचावर गुडघाभर धूर लोळत असेल तर विरलं काय? बायका विंगेत गेल्या आणि धूर तिथेच राहिला, एवढंच प्रेक्षकाला दिसतं.

लगेच राजाचा निरोप घेऊन रॉस येतो, मॅकबेथला 'कॉडॉरचा सरदार' म्हणून मुजरा करतो आणि मॅकबेथची स्वगतं सुरू होतात. राजाच्या खुनाचा विचार प्रेक्षकांना मॅकबेथच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू येतो तो इथे, चेटकिणी गेल्यावर. त्यांनी 'खून कर' असं कुठेही म्हटलेलं नाही. ग्लॅमिसचा सरदार तो आहेच. कॉडॉरची सरदारकी राजाने आधीच्याच प्रवेशात देऊन टाकली आहे, फक्त ते प्रेक्षकांना ठाऊक आहे आणि मॅकबेथला नाही. तिसरं काय, तर 'पुढे राजा होशील'. मधला सुरा मॅकबेथने स्वतःच्या मनाने घातलेला आहे. तो घालताना नटाचा चेहरा दिसला नाही, तर पुढचे चार अंक कितीही रंगले तरी माणूस का बिघडला हे कळत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक यंत्राला एकच कसोटी लावली आहे: अदृश्य होण्याच्या क्यूपासून, म्हणजे इशाऱ्यापासून, रॉसच्या एंट्रीपर्यंत जेमतेम दहा ओळी आहेत, म्हणजे साधारण अर्धा मिनिट. तेवढ्यात चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे.

यंत्राकडे वळण्याआधी धूर लागतो कुठे ते बघू, कारण निम्मे पैसे इथेच वाचतात. पहिला प्रवेश डझनभर ओळींचा, मिनिटभरात संपणारा. त्याची शेवटची ओळच धुक्यातून आणि घाणेरड्या हवेतून घिरट्या घालण्याची आहे, तेव्हा इथे धूर हवा. तिसऱ्या प्रवेशात हवा, पण वरच्या अटीवर. दुसऱ्या अंकातल्या अधांतरी खंजिराला अजिबात नको. तो खंजीर मॅकबेथलाही हातात धरता येत नाही आणि आपल्याला दिसतही नाही. तिथे धूर सोडला की प्रेक्षक खंजीर शोधायला लागतात. मॅकबेथने मारवलेल्या बँकोचं भूत मेजवानीत येतं, त्यालाही नको. जुन्या संहितेप्रमाणे ते भूत चालत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं. पंगतीतल्या कुणालाच ते दिसत नाही. भरल्या ताटांसमोर, लख्ख उजेडात ते बसलेलं असण्यातच भीती आहे. धुरातून आलेलं भूत सगळ्यांनाच दिसायला हवं होतं, असं वाटायला लागतं.

तिसऱ्या अंकात चेटकिणींची मालकीण हेकटी येऊन त्यांना झापते, तो प्रवेश बहुतेक अभ्यासकांच्या मते शेक्सपिअरचा नाही. त्यातल्या गाण्याचे पूर्ण शब्द त्याच काळातला नाटककार मिडल्टन याच्या चेटकिणींवरच्या नाटकात सापडतात. हेकटीला घेऊन जायला धुक्याचा ढग येतो, म्हणजे ढगाचा वेगळा खर्च आला. खुशाल कापा. नाटकाचं काही अडत नाही.

चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश म्हणजे काहीलीचा प्रवेश: चेटकिणी काहीलीत जादूचा काढा उकळतात, आणि जमिनीखालून आकृती वर येऊन मॅकबेथला भाकितं सांगतात. इथे हात सैल सोडायला हरकत नाही. मॅकबेथ या वेळी स्वतःहून चेटकिणींच्या दारात आलेला आहे आणि त्याला धूर हवाच आहे. पाचव्या अंकात मात्र एक फुंकरही नको. 'बर्नमचं जंगल चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस' हे एक भाकीत. ते जंगल चालून येतं, ते शत्रूच्या सैनिकांनी फांद्या तोडून पुढे धरल्यामुळे. 'बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला मारणार नाही' हे भाकीत खोटं न ठरता फसवतं, कारण मॅकबेथला मारणाऱ्या मॅकडफला आईचं पोट फाडून वेळेआधी काढलेलं असतं. दोन्ही भाकितं रोजच्या, खरखरीत कारणांनी खरी होतात. त्या वेळी आजूबाजूला धूर असेल तर प्रेक्षक म्हणणार, जादू झाली. जादू झालेली नाही, शब्दांनी दगा दिला आहे. या नाटकातलं दैवी प्रकरण चौथ्या अंकात संपतं, आणि पाचव्या अंकात उरतात फक्त माणसं आणि त्यांनी ऐकलेले शब्द.

आता यंत्रं.

साधा फॉगर, म्हणजे लग्नाच्या हॉलपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सगळीकडे दिसणारी ती काळी पेटी. आत तापवलेला धातूचा ठोकळा, त्यातून पंप ग्लायकोल आणि पाण्याचं मिश्रण ढकलतो, त्याची वाफ बाहेर पडून थंड हवेत धूर होतो. ४०० वॅटपासून १५०० वॅटपर्यंतची सर्रास मिळतात. भाडं सगळ्यात कमी, द्रव कुठेही मिळतो, चालवायला शिकायला दहा मिनिटं पुरतात. या नाटकासाठी मात्र ५ पैकी २ गुण. पहिली अडचण अशी की हा धूर गरम असतो, म्हणून वर चढतो. चेटकिणींच्या पायाशी राहायचं सोडून तो थेट तोंडावर येतो आणि तिथेच रेंगाळतो. दुसरी अडचण आवाजाची. पंपाची घुरघुर आणि सोडतानाचा 'फुस्स' पाचव्या रांगेपर्यंत ऐकू जातो. तिसरी अडचण ऐन वेळी कळते: लांब फवारा मारला की ठोकळा थंड होतो आणि यंत्र पुन्हा तापेपर्यंत स्वतःच बंद राहतं. तालमीत दोन सेकंदांचे फवारे मारून बघितलेले असतात, प्रयोगात उत्साहाने पंधरा सेकंद बटण दाबलं जातं आणि पुढच्या क्यूला यंत्र गप्प. लहान फवारे, मध्ये अंतर, आणि पहिल्या घंटेच्या आधी यंत्र चालू करून तापवून ठेवणं, एवढं पाळलं तर तो दगा देत नाही.

पेटीवर छापलेला 'दर मिनिटाला इतके हजार घनफूट' हा आकडा वाचून यंत्र निवडू नका. धूर किती दाट असताना मोजलं, हे त्यात नसतं, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही. त्यापेक्षा यंत्र किती मिनिटांत तापतं, सलग किती सेकंद सोडतं आणि परत तयार व्हायला किती वेळ घेतं, हे तीन आकडे विचारा आणि समोर चालवून बघा. रिमोट वायरचाच घ्या. नळीच्या तोंडापुढची फरशी तेलकट-निसरडी होते, तिथून कुणाची एंट्री ठेवू नका. तोंड तापलेलं असतं, पडद्याला टेकू देऊ नका. आणि नाट्यगृहात धूर ओळखणारा अलार्म आहे का, हे व्यवस्थापकाला लेखी विचारा. प्रकाशाच्या किरणावर चालणाऱ्या अलार्मला नाटकातला धूर आणि आगीचा धूर यात फरक कळत नाही.

आवाजाच्या तक्रारीवर संहितेतच उपाय आहे, आणि तो चारशे वर्षं जुना आहे. १६२३च्या प्रतीत मेघगर्जनेची सूचना सात ठिकाणी येते. तीन वेळा पहिल्या आणि तिसऱ्या अंकात, चार वेळा एकट्या काहीलीच्या प्रवेशात: एकदा सुरुवातीला आणि मग प्रत्येक आकृती वर येताना एकेकदा. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात भर दुपारी, उघड्या छताखाली नाटक व्हायचं. धूर तिथे टिकणारच नव्हता. गडगडाटासाठी ढोल वाजवत किंवा लोखंडी तोफगोळा फळ्यांवरून घरंगळवत, आणि विजेसाठी दारूचे फटाके उडवत. या युक्त्यांची टर उडवणारी प्रस्तावना त्याच काळातल्या नाटककार बेन जॉन्सनने लिहून ठेवली आहे. गडगडाटाने भीती वाटायचीच, शिवाय रंगमंचाच्या जमिनीतल्या, माणसं वर-खाली करायच्या झडपेची करकरही झाकली जायची. काहील खाली जाते तिथे मॅकबेथ विचारतो, 'ती काहील का बुडते आहे, आणि हा आवाज कसला?' आणि सूचना येते, सनईसारखं वाद्य वाजतं. एका ओळीत यंत्राचा आवाज झाकला आणि तोच आवाज संवादातही घेतला. तुमच्या फॉगरचा 'फुस्स' याच जागांवर बसवा. २० किंवा २२ गेजचा, ३ बाय ८ फुटांचा पत्रा विंगेत दोरीने टांगून खालच्या कडेला धरून हलवला तर रेकॉर्ड केलेल्या गडगडाटापेक्षा तो जास्त अंगावर येतो, आणि हलवणाऱ्याला नटाच्या श्वासाप्रमाणे थांबता येतं.

नाटक १६०६च्या सुमारास लिहिलं गेलं. त्याच्या वर्षभर आधी, ५ नोव्हेंबर १६०५ला, लंडनच्या संसदेखाली बंदुकीच्या दारूची पिंपं सापडली होती. फटाक्यांच्या गंधकाचा वास त्या प्रेक्षकांच्या नाकात शिरला की त्यांना नरक आठवत असेल तसंच ते तळघरही आठवत असणार. तेव्हाचा राजा जेम्स स्वतः चेटूकविद्येवर पुस्तक लिहिलेला माणूस. १५९०-९१च्या स्कॉटलंडमधल्या खटल्यांत, त्याचं जहाज वादळात बुडवायचा प्रयत्न केला म्हणून बायकांवर आरोप झाले होते. पहिली चेटकीण खलाशाच्या जहाजाला वाऱ्याने छळण्याची धमकी देते, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्यांना ते परीकथेसारखं वाटत नव्हतं. आजच्या धूरयंत्राला वास नसतो, किंवा असतो तो गोडसर अत्तराचा. द्रव घेताना बिनवासाचा मागा. गुलाबाच्या वासाच्या चेटकिणी कुणालाच नको आहेत.

लो-फॉग, म्हणजे फॉगरचाच धूर बर्फातून किंवा शीतकातून गार करून सोडणारं यंत्र. जमिनीलगत गालिच्यासारखा पसरतो, छायाचित्रात फारच देखणा. स्वस्तातला प्रकार म्हणजे थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या लादीचे तुकडे, एका बाजूने फॉगर, दुसऱ्या बाजूने रुंद पाइप. पाइप अरुंद ठेवला की धूर आतल्या आत पाणी होऊन बसतो, हे लक्षात ठेवा. पहिल्या प्रवेशासाठी उत्तम. तिसऱ्यासाठी धोक्याचा, कारण हा धूर गार आहे तोवरच खाली राहतो. काही मिनिटांनी दिव्यांच्या आणि माणसांच्या उष्णतेने तो कोमट होतो आणि उठायला लागतो. चेटकिणींच्या संवादात सोडलेला गालिचा नेमका स्वगताच्या वेळी छातीपर्यंत येतो. बाजूचे पंखे लावून ओढून घेऊ म्हणाल, तर पंख्यांचा आवाज. ५ पैकी ३, तेही पहिल्या प्रवेशापुरते.

पडद्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकू, कारण लो-फॉगचे बहुतेक अपघात तिथे होतात. मखमली पडद्यामागे धूर भरून ठेवतात, पडदा उघडतो आणि सगळा धूर पहिल्या तीन रांगांत जाऊन बसतो. पडद्यामागची हवा गार आणि जड झालेली असते, प्रेक्षागृहातली माणसांनी तापलेली. पडदा उघडला की गार हवा बाहेर ओघळते आणि सोबत धूर नेते. रिकाम्या नाट्यगृहातल्या रंगीत तालमीत हे घडत नाही, म्हणून कुणाला खरं वाटत नाही. उपाय साधा: पडदा आधी उघडा, काळोख ठेवा, गडगडाट करा, आणि मग सोडा. एसी प्रयोगात जसा चालणार तसाच तालमीतही चालवा.

ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश. गरम पाण्यात पडला की त्याचा थेट वायू होतो आणि त्या गारव्याने पाण्याच्या वाफेचं धुकं बनतं. दिसतं ते पाणी असतं, वायू दिसत नाही. आमच्या कसोटीवर आतापर्यंतच्या तिघांत सगळ्यात वरचा हा, कारण हे धुकं कोमट झालं की उठत नाही, जागच्या जागी आटतं. काठीने हा बर्फ ठेवलेली जाळी पाण्यातून वर उचलली की नवं धुकं थांबतं, असलेलं पसरतं, विरळ होतं आणि जातं. 'वाऱ्यात श्वास विरावा तसं', अगदी तसं. अर्धा किलो बर्फ आणि दोन-चार लिटर चांगलं गरम पाणी, यात दोन-तीन मिनिटं दाट धुकं मिळतं. तिसऱ्या प्रवेशाला त्याहून जास्त लागत नाही.

पण याचे हिशेब नीट करावे लागतात. मोठं यंत्र असेल तर त्यात ४० लिटर पाणी असतं. ते २५ अंशांवरून ८० अंशांवर न्यायला ३ किलोवॅटच्या हीटरला पाऊण तासाहून जास्त लागतो. तेव्हा पहिल्या घंटेला हीटर चालू करून भागत नाही, आणि त्याला १३ अँपिअर लागत असल्याने साध्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर तो चालवायचाच नाही. त्यात पाच किलो बर्फ उतरवला की निव्वळ बर्फाचा वायू होण्यातच पाणी १७ अंशांनी गार होतं. वाफेत जाणारी उष्णता वेगळी. म्हणून पहिल्या अंकात भरपूर उधळलं की काहीलीच्या प्रवेशात यंत्र मरगळतं. लोक म्हणतात बर्फ जुना होता. बर्फ ठीक असतो, पाणी निवलेलं असतं. मधल्या दोन अंकांत हीटर चालू ठेवा, नाहीतर विंगेत गरम पाण्याचा दुसरा साठा ठेवा.

बर्फ प्रयोगाच्या दिवशीच आणावा, कारण चांगल्या थर्माकोलच्या पेटीतूनही दिवसाला दोन ते चार किलो नुसता उडून जातो. पेटीचं झाकण चिकटपट्टीने गच्च बंद करू नये, वायूला वाट हवी. हातात जाड, कोरडे चामड्याचे मोजे. गाडीत नेताना काचा खाली. मुंबई-पुण्यात मिळायला अडचण नाही. तालुक्याच्या गावी प्रयोग असेल तर यावर विसंबू नका.

आणि आता या सगळ्या परीक्षणातला सगळ्यात गंभीर मुद्दा. काहीलीच्या प्रवेशात तीन आकृती जमिनीखालून वर येतात: शिरस्त्राण घातलेलं मुंडकं, रक्ताळलेलं मूल, हातात झाड घेतलेलं मुकुटधारी मूल. म्हणजे झडपेखाली माणसं दबा धरून बसलेली असतात आणि त्यातली दोन बहुधा लहान मुलं. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. रंगमंचावरचं सुंदर धुकं झडपेच्या फटीतून खाली ओघळतं. धुकं आटतं, वायू खालीच साठतो. एक किलो बर्फाचा सुमारे ५४० लिटर वायू होतो. पाच किलो वापरला आणि त्यातला निम्मा जरी ४ बाय ३ मीटरच्या, २ मीटर उंच तळघरात उतरला, तरी तिथल्या हवेत वायूचं प्रमाण पाच टक्क्यांवर जातं. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठीची मर्यादा अर्धा टक्का आहे. पाच टक्क्यांना धाप लागते, डोकं दुखतं. दहा टक्क्यांना माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो. झडप आणि ड्राय आइस एका प्रवेशात ठेवायचे नाहीत, हा नियम कुठल्याही दिग्दर्शकाच्या कल्पनेपेक्षा मोठा. आकृती वरून आणा, काहीलीतून बाहुल्या काढा, नुसते आवाज ठेवा. रंगमंचापुढे खड्ड्यात वादक बसत असतील तर त्यांनाही हाच हिशेब. या अटी पाळणाऱ्यांसाठी ५ पैकी ४, न पाळणाऱ्यांसाठी शून्य.

काहीलीत ठेवायच्या अल्ट्रासॉनिक तबकड्यांचं थोडक्यात. २४ व्होल्टवर चालतात, पाण्याखाली कंप पावून बारीक तुषार उडवतात. तबकडीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी लागतं, कमी झालं तर तबकडी जळते. जवळून सुरेख, दहाव्या रांगेतून काहील नुसती ओली दिसते. बहुतेकींत रंग बदलणारे दिवे बसवलेले असतात, ते काळ्या टेपने झाका. छोट्या हॉलमध्ये, पन्नास-साठ प्रेक्षकांत चालतील. ५ पैकी २.

उरला हेझर, ज्याच्याकडे कुणी चेटकिणींसाठी बघत नाही. हा धूर सोडत नाही, हवेत अतिशय पातळ धूसरपणा भरत राहतो. समोरून साधा प्रकाश टाकला तर तो जवळपास दिसतच नाही. मागून किंवा बाजूने झोत टाकला की झोताचा खांब हवेत उभा राहतो. कसोटीवर खरी बाजी हाच मारतो. प्रेक्षक शिरायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं हेझर मंद चालवा. चेटकिणींवर मागून, वरून, तीन अरुंद झोत: तिघी धुक्याच्या तीन खांबांत उभ्या. 'अदृश्य होतात' या क्यूला गडगडाट, झोत शून्य सेकंदात बंद, आणि त्याच क्षणी समोरून बँको आणि मॅकबेथच्या चेहऱ्यावर पिवळट उजेड. धुकं गेलं. खरं तर ते हवेतच आहे, पण ते दिसायला लागणारा प्रकाशच काढून घेतला आहे. रॉसच्या एंट्रीपर्यंतचा अर्धा मिनिटही लागला नाही. खंजिराच्या आणि भुताच्या प्रवेशांत मागचे झोत लावायचेच नाहीत, म्हणजे तिथे धूर नसल्यासारखाच. हिरवा जिलेटिन पेपर मात्र दुकानातच राहू द्या. चेटकीण म्हणजे हिरवा, हे समीकरण प्रेक्षकाला हसवतं.

हेझरमध्येही दोन जाती. तेलाचा हेझर तासन्‌तास टिकतो, पण दिव्यांच्या भिंगांवर पातळ थर धरतो. पाण्याचा लवकर जातो, त्याला सतत चालवावं लागतं. या नाटकाला पाण्याचा घ्या, कारण पाचव्या अंकात हवा खरोखर स्वच्छ हवी. काहीलीचा प्रवेश संपला की हेझर बंद करा. पुढे मॅकडफच्या घराचा छोटा प्रवेश आणि मग इंग्लंडमधला लांबलचक प्रवेश येतो, त्यात मारलेल्या राजाचा मुलगा माल्कम आणि मॅकडफ बोलत बसतात. तेवढ्यात हवा निवळते, आणि लेडी मॅकबेथ झोपेत हात धुते तेव्हा तिच्या मेणबत्तीभोवती धूसरपणा उरत नाही. एकाचा द्रव दुसऱ्यात घालू नका, फॉगरमध्ये हेझरचं तेल गेलं तर ठोकळ्याची बारीक नळी बुजते आणि दुरुस्ती भाड्यापेक्षा महाग पडते. ग्लायकोलने घसा कोरडा पडतो, तेव्हा विंगेत पाणी ठेवा. मॅकबेथ बहुतेक वेळ रंगमंचावरच असतो. ५ पैकी साडेचार. अर्धा गुण कापला, कारण हेझर चांगला असूनही मागचे दिवे नसतील तर तो फुकट, आणि लहान नाट्यगृहात मागे दिवे टांगायला बार नसतो.

धूरच नको, असं म्हणणाऱ्यांशीही वाद नाही. २००७मध्ये इंग्लंडमधल्या चिचेस्टरला दिग्दर्शक रुपर्ट गूल्डने बसवलेल्या प्रयोगात चेटकिणी लष्करी इस्पितळातल्या नर्स होत्या. पांढऱ्या उजेडात, हातात सुया. नंतर त्याच मेजवानीत वाढायला. नाटकात त्यांना 'विअर्ड' बहिणी म्हटलं आहे, आणि त्या शब्दाचा तेव्हाचा अर्थ विचित्र असा नसून दैव, नियती असा. १६११मध्ये ग्लोबला हे नाटक बघितलेल्या सायमन फोरमन या ज्योतिषाने आपल्या टिपणात त्यांना परी किंवा अप्सरा म्हटलं आहे, आणि काहीलीचा उल्लेखच केलेला नाही. तेव्हा झाडू, टोकदार टोपी आणि धूर, यातलं काहीच नाटकाला चिकटलेलं नाही. कुसुमाग्रजांनी 'राजमुकुट' या नावाने हे नाटक मराठीत आणलं, ती संहिता घेऊन बसवत असाल तरी चेटकिणींचं रूप तुमचं तुम्हाला ठरवावं लागणारच.

दोन-तीन दिवसांच्या प्रयोगांसाठी आमची शिफारस: पाण्याचा हेझर एक, मागच्या तीन झोतांसह. एवढ्यावर नाटक उभं राहतं. हात सैल असेल आणि झडप वापरायची नसेल तर काहीलीच्या प्रवेशासाठी ड्राय आइस, प्रयोगाला पाच-सहा किलो. साधा फॉगर घ्यावाच लागला तर १५०० वॅटचा, तोंड मागच्या पडद्याकडे वळवून, गडगडाटाखाली, दोन-दोन सेकंदांचे फवारे. नाट्यगृहाचा एसी कुठून फेकतो आणि कुठून ओढतो ते एक अगरबत्ती लावून बघून घ्या. दुकानदाराकडून द्रवाची सीलबंद बाटली घ्या, मागच्या गिऱ्हाइकाची उघडी नको.

रंगीत तालमीत रंगमंच व्यवस्थापकाने एक घड्याळ हातात घ्यावं. चेटकिणींच्या जाण्याच्या क्यूला चालू करावं आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाने बँकोचे डोळे दिसले की हात वर करावा. रॉस विंगेतून निघायच्या आत हात वर गेला नाही, तर धूर कमी करा. तरीही गेला नाही, तर यंत्र परत पाठवा.